ना धड तरंगणारा, ना धड बुडणारा लाकडी मासा

आर्किमिडीजचा सिद्धान्त शिकवून झाला, की आपण वर्गात हमखास दोन उदाहरणे देतो. एक जहाजाचे आणि दुसरे पाणबुडीचे. उदाहरणे चांगली आहेत, पण ती विद्यार्थ्यांच्या हातात येण्यासारखी नाहीत. जहाजावर चार ग्रॅम वजन जास्त झाले तर काय होईल, या प्रश्नाला तिथे काही अर्थच उरत नाही. या लेखात आम्ही तिसरे उदाहरण घेणार आहोत. ते आहे वीतभर लांबीच्या एका लाकडी माशाचे. हा मासा पाण्यात किती वर यावा, किती वेगाने यावा, नाक आधी वर काढावे की शेपूट, सरळ जावे की नागमोडी, हे सगळे ठरवण्यासाठी माणसे पक्कड, गिरमिट आणि शिशाचे तुकडे घेऊन तासन् तास बसतात. तिथे अर्ध्या ग्रॅमनेही फरक पडतो आणि तो डोळ्यांना दिसतो.

हा लाकडी मासा म्हणजे खऱ्या माशाला फसवण्यासाठी केलेले आमिष. तो ज्या माशासाठी केला जातो, त्याची ओळख आधी करून घेऊ.

मस्की आणि त्याचे आमिष

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरे, सेंट लॉरेन्स नदी, ओहायो नदीचे आणि मिसिसिपीचे वरचे खोरे या भागात मस्केलंज नावाचा गोड्या पाण्यातला मासा राहतो. बोलीत त्याला मस्की म्हणतात. मूळ नाव तिथल्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आले आहे. शास्त्रीय नाव एसॉक्स मॅस्क्विनाँगी. मीटरभर लांबीचा मस्की नवलाचा नाही. काही त्याहूनही बरेच मोठे होतात. लांबट अंग, बदकाच्या चोचीसारखा चपटा जबडा आणि त्यात सुईसारखे दात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९५५ साली त्याला आपला राज्यमासा म्हणून मान दिला.

मस्की हा आपल्या तळ्यातला सर्वांत वरचा भक्षक. त्यामुळे एका तळ्यात त्याची संख्या थोडीच असते. तो पाठलाग करून दमणारा शिकारी नाही. पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून राहतो, अंग इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वाकवतो आणि एका झटक्यात सुटतो. पुष्कळदा मात्र तो आमिषाच्या मागे मागे होडीपर्यंत येतो, नुसता बघतो आणि परत खोल पाण्यात जातो. म्हणूनच त्याला 'दहा हजार फेकींचा मासा' असे म्हणतात. एक मासा गळाला लागण्यासाठी तितक्या वेळा आमिष फेकावे लागते, असा त्याचा अर्थ. आकडा शब्दशः घ्यायचा नाही. पण दिवसभर आमिष फेकून रिकाम्या हाताने परतणे हे तिथे नेहमीचेच असते.

या माशासाठी जी अनेक आमिषे वापरतात त्यांतले एक जर्कबेट. जर्क म्हणजे हिसका. लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा जाडजूड मासा, पोटाखाली तीन तोंडांचे दोन किंवा तीन गळ, नाकावर दोर बांधायची कडी. हे आमिष स्वतःहून काहीच करत नाही. काठीने हिसका दिला की हलते, हिसका थांबला की थांबते. जखमी मासा जसा धडपडतो आणि मध्येच निश्चल होतो, तसे ते दिसावे अशी अपेक्षा असते. मस्कीने झडप घातली तर बहुधा या थांबण्याच्या क्षणी घातलेली असते. त्यामुळे आमिष हलते कसे याच्याइतकेच, ते थांबते कसे याला महत्त्व आहे.

जर्कबेटचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला बुडी मारणारा. याचे कपाळ उतरते असते, म्हणून ओढले की पाण्याचा दाब त्याला खाली लोटतो. ओढ थांबली की ते वर येते. विस्कॉन्सिनमधील अँटिगो गावच्या फ्रँक सूइक यांनी केलेले आमिष या प्रकारात प्रसिद्ध आहे. त्याच्या शेपटाला धातूची एक छोटी, वाकवता येणारी पट्टी असते. दुसरा प्रकार घसरणारा. प्रत्येक हिसक्याला तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाण्यातून घसरत जातो.

दुकानातून आणलेले किंवा घरी कोरलेले जर्कबेट लगेच मनासारखे चालेलच असे नाही. ते चालते करण्याच्या कामाला ट्यूनिंग म्हणतात. तंबोरा जुळवतात तशी ही आमिषाची जुळवणी.

प्रत्येक फळी वेगळी

जुळवणीची गरज का पडते, याचे पहिले कारण लाकडातच आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आमिषाच्या लाकडी अंगाचे आकारमान ११० घन सेंटिमीटर आहे. लाकडाची घनता दर घन सेंटिमीटरला ०.७० ग्रॅम. म्हणजे लाकडाचे वस्तुमान ७७ ग्रॅम. रंग ५ ग्रॅम, गळ आणि कड्या मिळून १८ ग्रॅम. एकूण १०० ग्रॅम. पूर्ण बुडाल्यावर हे आमिष, धातूच्या भागांसह, सुमारे ११२ ग्रॅम पाणी बाजूला सारते. म्हणजे त्याला वर ढकलणारे बल १२ ग्रॅम वजनाइतके शिल्लक राहते. (या लेखात आम्ही बलसुद्धा 'इतक्या ग्रॅमचे' असेच म्हणणार आहोत.)

आपल्याला त्यातले २ ग्रॅमच ठेवायचे आहेत, कारण आमिष संथपणे वर यायला हवे. म्हणजे १० ग्रॅम वजन वाढवले पाहिजे. शिशाची घनता ११.३. पोटाला भोक पाडून त्यात शिसे भरले, तर जितके लाकूड गेले त्याचे वजन वजा होते. एक घन सेंटिमीटर भोकामागे खरी वाढ ११.३ वजा ०.७ म्हणजे १०.६ ग्रॅम. तेव्हा १० ग्रॅमसाठी सुमारे ०.९४ घन सेंटिमीटरचे भोक हवे. एक सेंटिमीटर व्यासाच्या गिरमिटाने १.२ सेंटिमीटर खोल गेले की काम झाले.

आता त्याच मापाचे दुसरे आमिष शेजारच्या फळीतून कापले. त्या लाकडाची घनता ०.६२ निघाली. एकाच जातीच्या लाकडात इतका फरक सहज असू शकतो. लाकडाचे वस्तुमान ६८ ग्रॅमच भरले. तेवढेच शिसे घातले, तरी शिल्लक बल २ ग्रॅमऐवजी जवळजवळ ११ ग्रॅम राहील. दिसायला दोन्ही आमिषे जुळी भावंडे. पण एक संथपणे वर येईल आणि दुसरे बाटलीच्या बुचासारखे उसळेल.

किती वेगाने उसळेल? वर येणाऱ्या वस्तूला पाणी जो रोध करते तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिल्लक बल आणि रोध सारखे झाले की वेग स्थिर होतो. म्हणून हा वेग शिल्लक बलाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. बल ८ ग्रॅमवरून २ ग्रॅमवर आणले, म्हणजे एक चतुर्थांश केले, तर वेग निम्मा होतो. तो पुन्हा निम्मा करायचा तर बल २ ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमवर आणावे लागते. पहिल्या वेळी सहा ग्रॅम खर्ची पडले, दुसऱ्या वेळी दीड ग्रॅम पुरले. शून्याच्या जवळ जावे तसा प्रत्येक लहान बदल मोठा परिणाम करतो. म्हणून शेवटची जुळवणी गिरमिटाने करत नाहीत. गळाच्या दांड्यावर धातूच्या तारेचे वेढे देतात किंवा पोटाला शिशाच्या पातळ चिकटपट्टीचे तुकडे लावतात. वेढा काढता येतो, तुकडा कापता येतो. पाडलेले भोक मात्र बुजवावे लागते.

वजन किती, आणि कुठे?

दहा ग्रॅम घालायचे ठरले. पण ते कुठे घालायचे? विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर विचारावा, कारण पाठ्यपुस्तकातली गणिते बहुधा 'किती' या प्रश्नापाशी थांबतात.

पहिली बाब वर-खालची. वस्तूचे वजन गुरुत्वमध्यातून खाली काम करते, तर पाण्याचे उत्प्लावक बल बाजूला सारलेल्या पाण्याच्या मध्यातून वर काम करते. पूर्ण बुडालेल्या वस्तूचा गुरुत्वमध्य या दुसऱ्या बिंदूच्या खाली असेल, तर वस्तू कलंडली तरी ही दोन बले तिला पुन्हा सरळ करतात. तो वर असेल तर तीच बले तिला उलथवतात. शिसे अगदी पोटाशी घातले की आमिष चटकन सरळ होते, डोलत नाही. शिसे थोडे वर, अंगाच्या मध्याकडे घातले की ते हिसक्यासरशी कुशीवर झुकते, त्याची बाजू चमकते आणि मग सावकाश सरळ होते. ही चमक पुष्कळांना हवी असते. पण शिसे आणखी वर गेले की आमिष पोट वर करून पडते. सरळ राहणे आणि डोलणे यांच्यातला हा व्यवहार आहे. एक वाढवले की दुसरे कमी होते.

दुसरी बाब पुढे-मागची. शिसे नाकाकडे सरकवले तर थांबल्यावर नाक खाली झुकते आणि आमिष शेपटाकडून वर येते. मागे सरकवले तर उलट. घसरणारे आमिष बहुधा आडवे, तोललेले राहावे असे पाहतात.

तिसरी बाब जरा सूक्ष्म आहे. समजा, शिशाचे दोन सारखे तुकडे आहेत. ते दोन्ही मध्यभागी घातले काय किंवा एक नाकाशी आणि एक शेपटाशी घातला काय, एकूण वजन तेच आणि तोलही तोच. मग फरक काय? फरक वळण्यात आहे. एक फूटपट्टी घ्या. तिच्या मधोमध ओल्या मातीचे दोन गोळे चिकटवा आणि पट्टी मध्यावर धरून मनगटाने डावी-उजवीकडे फिरवा. आता तेच गोळे दोन टोकांना चिकटवून फिरवा. दुसऱ्या वेळी पट्टी फिरवायलाही जड जाते आणि थांबवायलाही. वस्तुमान आसापासून दूर गेले की फिरण्याला होणारा विरोध, म्हणजे जडत्वाचे परिबल, वाढते. आमिषाचेही तसेच. शिसे मध्यात एकवटले तर ते लहानशा हिसक्यानेही पटकन वळते. टोकांना विभागले तर सावकाश वळते, पण एकदा दिशा धरली की लांबपर्यंत घसरत जाते.

घसरण्याच्या या खेळात दोर सैल सोडण्याला फार महत्त्व असते. हिसका दिल्यावर लगेच दोर ताणून धरला, तर आमिषाचे नाक पुन्हा आपल्याकडे ओढले जाते आणि घसरणे तिथेच थांबते. दोर सैल सोडला की आमिष आपल्या संवेगावर पुढे जाते आणि पाण्याच्या रोधाने हळूहळू थांबते.

कडी आणि शेपूट

बादलीत तोल जमला, तरी तळ्यात ओढल्यावर आमिष एका बाजूला जाऊ शकते. डावी-उजवी बाजू कोरताना थोडे कमी-जास्त झाले किंवा नाकावरची कडी केसभर बाजूला बसली, तर तेवढे पुरते. आपला पतंगही एका बाजूला कलतो. मुले म्हणतात, 'पतंग कन्नी खातोय'. मग विरुद्ध बाजूला कागदाची पट्टी किंवा चिंधी बांधून त्याचा तोल साधतात. आमिषाच्या बाबतीत उतरत्या कपाळाच्या प्रकाराला साधा नियम लावतात: ते ज्या बाजूला जायला हवे, त्या बाजूला नाकावरची कडी पकडीने किंचित वळवायची. कडी सरकली की ओढ आणि पाण्याचा रोध एका रेषेत येण्यासाठी आमिष थोडेसे फिरते, त्याचे कपाळ पाण्याला तिरके भिडते आणि पाणी त्याला हव्या त्या बाजूला लोटते. वळवायचे ते डोळ्याला जेमतेम दिसेल इतकेच. मग पुन्हा ओढून पाहायचे.

बुडी किती खोल जावी, हे शेपटाच्या पट्टीने ठरवता येते. पट्टी खाली वाकवली की पुढे जाताना पाणी तिला वर ढकलते. शेपूट वर उचलले गेले की नाक खाली जाते आणि आमिष अधिक खोल बुडी मारते. पट्टी सरळ केली की बुडी उथळ होते. विमानाच्या शेपटावरची आडवी झडप हेच काम करते. पट्टीला पीळ पडलेला असेल तर मात्र आमिष ओढताना स्वतःभोवती फिरू पाहते; तेव्हा आधी पीळ काढायचा, मग बुडीचा विचार.

दोराचाही यात भाग असतो. मस्कीच्या दातांनी दोर तुटू नये म्हणून आमिषाच्या पुढे तारेचा एक तुकडा जोडतात. तो जड असेल तर आमिषाचे नाक खाली ओढतो. म्हणून बादलीत तपासतानाही तो तुकडा जोडूनच तपासावे.

पाणीसुद्धा बदलते

वर आपण पाण्याची घनता १ धरली. ती बरोबर १ असते सुमारे ४ अंश सेल्सियसला. २५ अंशांना ती ०.९९७ होते. फरक हजारात तीन. आपल्या ११२ ग्रॅम पाणी सारणाऱ्या आमिषाला हा फरक सुमारे एक तृतीयांश ग्रॅमचा पडतो. उन्हाळ्यात जिथल्या तिथे थांबणारे आमिष हिवाळ्याच्या तोंडावर थंड पाण्यात वर येऊ लागते, ते यामुळे. लाकूडही थंडीत किंचित आकसते, म्हणून प्रत्यक्ष परिणाम याहून थोडा कमी होतो. प्लॅस्टिक तर लाकडापेक्षा बरेच अधिक आकसते, त्यामुळे त्याचा हिशेब निराळाच होऊ शकतो. तात्पर्य, ज्या पाण्यात आमिष वापरायचे त्याच पाण्यात ते तपासावे.

आणखी एक गोष्ट. मस्कीचे दात रंगाच्या थरातून लाकडापर्यंत जातात. त्या बारीक भोकांतून लाकूड पाणी पिते आणि काही तासांत सगळा हिशेब बिघडतो. असे आमिष आधी पूर्ण वाळवायचे, भोके लांबीने बुजवायची, रंग द्यायचा आणि जुळवणी पहिल्यापासून करायची.

दोष कशाला म्हणायचे?

लाकडी माशाची अशी जुळवणी हा जर्कबेट करणाऱ्यांचा शोध नाही. विस्कॉन्सिनमधील लॅक डू फ्लँबो येथील ओजिब्वे कारागिरांचे लाकडी मासे प्रसिद्ध आहेत. हिवाळ्यात तळे गोठले, की बर्फाला भोक पाडून हा मासा दोराने पाण्यात सोडायचा, दोर हलवत राहायचा आणि तो बघायला आलेला मोठा मासा भाल्याने टिपायचा, अशी ती पद्धत. या माशाला गळ नसतो. त्याच्या पोटात शिसे ओतलेले असते, आणि पर व शेपूट असे बसवलेले असतात, की दोर वर-खाली केला की तो गोल गोल पोहतो.

इथे विद्यार्थ्यांना थांबवून विचारावे: गोल पोहणारा लाकडी मासा चांगला की वाईट? बर्फातल्या भोकाखाली तो उत्तम, कारण तिथे त्याला एका जागी फिरत राहायचे आहे. तेच जर्कबेट तळ्यात गोल फिरू लागले तर निरुपयोगी. असममिती दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी ती मुद्दाम आणली आहे, दुसऱ्या ठिकाणी ती काढून टाकायची आहे. म्हणजे 'दोष' हा वस्तूचा गुणधर्म नव्हे. वस्तूकडून आपल्याला काय हवे आहे आणि ती काय करते आहे, यांतले अंतर म्हणजे दोष. ते अंतर मोजता आले की ते कमीही करता येते.

म्हणूनच जुळवणीत दोन पथ्ये पाळतात. एका वेळी एकच बदल करायचा, आणि क्रम सोडायचा नाही. आधी एकूण वजन, मग पुढे-मागचा तोल, मग डावे-उजवे, शेवटी खोली. नाकाला शिसे लावणे आणि शेपटाची पट्टी वाकवणे या दोन्हींनी बुडी बदलते. दोन्ही एकदम केले तर कशाने काय झाले हे कधीच कळणार नाही. प्रयोगवहीत आपण 'इतर घटक स्थिर ठेवून' असे लिहायला सांगतो. त्याची गरज मुलांना अशा ठिकाणी पटते.

करून पहा

आम्ही स्वतः कधी मस्की पकडलेला नाही. पण गळाशिवायचा लाकडी मासा आम्ही मुलांबरोबर बादलीत सोडला आहे. साहित्य थोडेच लागते.

सुताराकडून १५ सेंटिमीटर लांब, ३ रुंद आणि २ जाड अशी पट्टी कापून घ्या. तिला तैलरंग देऊन पूर्ण वाळू द्या. टबातल्या पाण्यावर ती आडवी तरंगते. २ सेंटिमीटर जाडीपैकी किती भाग पाण्याखाली आहे ते मोजा. १.३ सेंटिमीटर असेल तर घनता १.३ भागिले २, म्हणजे ०.६५. वजनकाट्याशिवाय घनता मिळाली! आकारमान ९० घन सेंटिमीटर, म्हणून वस्तुमान ५८.५ ग्रॅम. कमी पडतात ३१.५ ग्रॅम. तेवढ्या वजनाचे खिळे रबराने पट्टीला बांधा. तरीही ती बुडत नाही. का? मुलांना विचार करू द्या. खिळे बाहेरून बांधले आहेत, ते स्वतःही पाणी सारतात. लोखंडाची घनता ७.८ धरली तर हिशेबाने सुमारे ३६ ग्रॅम खिळे लागतात. मग एकेक छोटा खिळा वाढवून पट्टी मध्येच कुठे थांबते का ते पहा.

आमच्या पहिल्या प्रयत्नात आम्ही खिळे सोयीसाठी पट्टीच्या वरच्या बाजूला बांधले. पट्टी पाण्यात सोडताच तिने कोलांटी मारली आणि वर्ग हसला. तो तास आम्ही ठरवला होता त्याहून चांगला झाला, कारण गुरुत्वमध्याचा विषय आम्हाला काढावाच लागला नाही; तो मुलांनी काढला.

तापमानाचा परिणाम पाहण्यासाठी घट्ट झाकणाची छोटी काचेची बाटली घ्या. थंड पाण्यात जेमतेम तरंगेल इतकी वाळू तिच्यात भरा. आता ती कोमट पाण्यात सोडा. काय होते ते मुलांनाच सांगू द्या.

एक सूचना. या प्रयोगात शिसे वापरू नये. ते विषारी आहे. वितळवताना निघणारा धूर आणि घासताना उडणारी पूड शरीरात जाते. अमेरिकेत गळाची लहान शिसे गिळून लून नावाचे पाणपक्षी मेल्याचे आढळले आहे, आणि ईशान्येकडील काही राज्यांनी अशा लहान शिशांवर बंदी घातली आहे. पर्याय म्हणून कथील किंवा टंगस्टन वापरतात. कथिलाची घनता ७.३, म्हणून भोक मोठे लागते, टंगस्टनची १९.३, म्हणून लहान पुरते. हा हिशेबही मुलांकडून करून घेता येईल.

गळ कमी केला तर?

शेवटी पुन्हा माशाकडे वळू. मस्की वाढायला बरीच वर्षे लागतात आणि एका तळ्यात तो थोडाच असतो. सगळ्यांनी धरलेला प्रत्येक मासा घरी नेला तर तो उरणार नाही, हे तिथल्या मासेमारांनाच उमगले. मिनेसोटात १९६६ साली गिल हॅम यांनी 'मस्कीज इन्कॉर्पोरेटेड' ही संस्था सुरू केली. पकडलेला मस्की जिवंत सोडून देण्याचा प्रसार तिने केला, आणि आज हौशी मासेमारांत तीच रीत रूढ आहे. मासा जाळ्यात, पण पाण्यातच ठेवतात. लांब पकडीने गळ काढतात, निघत नसेल तर गळच कातरतात. पाणी सुमारे २७ अंशांच्या वर तापले तर मस्कीच्या मागे जाऊच नये, असे जाणकार सांगतात. कारण दमलेला मासा अशा पाण्यात सोडला, तरी जगेलच असे नाही.

मासा सोडायचाच असेल, तर त्याला जखमही कमी व्हायला हवी. तीन तोंडांचे तीन गळ म्हणजे नऊ टोके. त्यामुळे काही जण मधला गळ काढून टाकतात किंवा गळांचे उलटे दात दाबून बोथट करतात. पण मधला गळ काढला की काय होते, हे आता आपल्याला सांगता येईल. समजा तो ५ ग्रॅमचा होता. त्याने सारलेले पाणी वजा जाता पाण्यातले त्याचे वजन सुमारे ४.४ ग्रॅम. आपल्या आमिषाचे शिल्लक बल २ ग्रॅमवरून ६.४ ग्रॅम झाले. ते आता जवळजवळ १.८ पट वेगाने वर येईल. शिवाय गळ पोटाखाली लोंबत होता. तो गेल्यावर गुरुत्वमध्य वर सरकला आणि आमिष अधिक डोलू लागले. म्हणजे माशावर दया केली आणि आमिष बिघडले. 'आता हे चालत नाही' म्हणून कोणी तो गळ परत लावून टाकेल. ज्याला तरंगण्याचा हिशेब येतो, तो पोटाशी ४.४ ग्रॅम वजन बसवील, बादलीत तपासून पाहील, आणि मग सहा टोकांचे आमिष नऊ टोकांच्या आमिषासारखेच चालेल.

आर्किमिडीजच्या सिद्धान्ताचा उपयोग काय, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर जहाज आणि पाणबुडी यांच्या जोडीला ही तीन टोकेही सांगता येतील. ती काढून टाकूनही काम चालते, कारण कोणीतरी हिशेब केला.